खालची वर, वरची खाली

क्वान्सिमाची तारली कधी जळत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. कोणी मोठ्या तोंडाने काही सांगायला लागला की समोरचा विचारतो, "क्वान्सिमाच्या तारलीइतकं खरं का?" आणि मग थापाड्या माणूस जरा वरमतो.

क्वान्सिमा माझी वहिनी. माझा थोरला भाऊ एको देवाघरी गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. माझा नवरा त्याच्याही आधी गेला होता. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय एकाच अंगणात, एकाच भट्टीच्या दोन बाजूंना उभ्या आहोत. लोक म्हणतात, नणंद-भावजयीचं एवढं कसं पटतं? पटत नाही. पण धुरात भांडायला तोंड उघडलं की खोकला येतो.

भट्टी म्हणजे मातीची चौकोनी चूल. खाली विस्तव, वर तारेच्या जाळ्या एकीवर एक रचलेल्या, आणि प्रत्येक जाळीत तारली ओळीने निजवलेली. सगळ्यांत खालच्या जाळीला सगळी धग मिळते, वरच्या जाळीपर्यंत नुसता धूर पोचतो. म्हणून मधूनमधून जाळ्यांची अदलाबदल करावी लागते. भरलेली जाळी एकटीने उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची. धुराने डोळे मिटलेले असतात, म्हणून एकीने ओरडायचं, "खालची वर!" आणि दुसरीने ओ द्यायची, "वरची खाली!" म्हणजे कोणाचा हात भाजत नाही. आमच्याकडे हाक नेहमी वहिनीची आणि ओ नेहमी माझी. गावातल्या प्रत्येक अंगणात हीच हाक आणि हीच ओ. आमच्याकडची बाई ही ओ तापात असली तरी देईल, झोपेत असली तरी देईल.

वहिनीचं दुसरं काम रविवारचं. आमच्या चर्चमध्ये गाणं दोन प्रकारचं. एक कॉयरचं. ते झगे घालून, पुस्तकं उघडून गातात, आणि बेन्टसिल मास्तर त्यांच्यापुढे हात हलवतो, जणू माश्या हाकलतोय. दुसरं आम्हा बायकांचं. आमची गीतं कुठे लिहिलेली नाहीत. पाळकसाहेब उपदेश करत असतात, बोलता बोलता त्यांचा एखादा शब्द एखादीच्या काळजाला लागतो, ती तिथल्या तिथे उभी राहून गीत उचलते आणि सगळं चर्च तिला साथ देतं. गीत उठलं की पाळकांनी बोलणं थांबवून खुर्चीत बसायचं, ही आमच्या पणज्यांपासूनची रीत. गीत संपलं की त्यांनी पुढे बोलावं. नवीन पाळक पहिल्या रविवारी गोंधळतात, मग त्यांना सवय होते. ह्या गीतांचे नियम दोनच. आतून आल्याशिवाय गीत उचलायचं नाही. आणि एकदा उचललेलं गीत कोणी खाली पडू द्यायचं नाही.

डावीकडचा पहिला बाक गीत उचलणाऱ्यांचा, आणि त्या बाकाच्या टोकाची जागा वहिनीची. मी तिच्या शेजारी बसते, पण नुसती साथीला. माझा आवाज म्हणजे बिजागरीला तेल न घातलेलं दार. खरं सांगायचं तर मी चर्चला जायची ती वहिनीच्या गीतांसाठीच. उपदेशात मला पेंग येते आणि कॉयर ऐकताना दाढ दुखते. पण वहिनीने गीत उचललं की मला वाटायचं, देव स्वतः दारात येऊन उभा राहिलाय आणि विचारतोय, "एफुआ, जेवलीस का गं?" माझ्याशी इतक्या मायेने दुसरं कोणी बोलत नाही. माझा स्वभावच तसा आहे, लोकांचा दोष नाही.

ह्या वर्षी ऑगस्टमध्ये समुद्र फारच उदार झाला. होड्या काठापर्यंत भरून यायला लागल्या. आमच्याकडे समुद्राचा आरामाचा वार मंगळवार, त्या दिवशी कोणी होडी लोटत नाही. बाकी सगळे दिवस मासा, रविवारीसुद्धा मासा. वहिनीची लेक लग्न होऊन ताकोराडीला गेलेली, त्यामुळे हात दोघींचेच. वहिनीने चर्च चुकवलं नाही, पण ती जायची शेवटच्या घंटेला आणि आशीर्वाद व्हायच्या आत उठायची. बाकावर बसलेली असली तरी नाक अंगणाकडे. करपल्याचा वास येतोय का, ह्याकडे सगळं लक्ष.

आणि त्या सगळ्या रविवारांत तिने एकही गीत उचललं नाही.

मला वाटलं, दमली असेल. पण एका मंगळवारी आम्ही भट्टीच्या भेगा ओल्या मातीने लिंपत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "एफुआ, माझ्याकडे गीत येत नाही गं."

"तारली येतेय ना? एका वेळी एकच पाहुणा बरा."

ती हसली नाही. एरवी माझ्या वाईटातल्या वाईट विनोदालाही ती हसते.

"पाळक बोलतात, मी ऐकते, पण आत काही हलतच नाही. आधी एखादा शब्द पडला की आत भांड्याला भांडं लागल्यासारखं व्हायचं. आता देवाचं नाव ऐकते आणि मनात येतं, खालची जाळी झाली असेल का? मी त्याच्यासाठी वेळ काढला नाही, एफुआ. त्याने गीत काढून घेतलं."

"देव म्हणजे काय मंकेसिमच्या बाजारातली दलालीण आहे? उशीर केलास म्हणून टोपली परत पाठवायला?"

"चेष्टा नको करूस. हा एक रविवार बघते. ह्याही रविवारी आलं नाही तर बाक सोडणार मी. मागे, दाराजवळ बसेन. मुक्या बाईने त्या बाकावर जागा अडवू नये."

वहिनी बोलते ते करते. ती मागे गेली तर त्या बाकावर दुसरी कोण आहे? म्हातारी एकुआ आहे, पण तिला सहा शब्दांच्या पुढे दम पुरत नाही. मग मला जेवलीस का म्हणून कोण विचारणार? तोंडाने मात्र मी म्हणाले, "मग रविवारी भट्टीच पेटवू नकोस."

"आणि मासा? तो सोमवारपर्यंत थांबतो का?"

"सडू दे."

"देवाने पाठवलेलं सडू द्यायचं आणि मग त्याच्याच घरी जाऊन गायचं?"

मी चिडले. "मग मंगळवारी गा! आत्ता गा! होड्या बंद आहेत, हात मातीत आहेत, तोंड तर रिकामं आहे ना?"

"एकटीने गीत उचलतात का, वेडे? साथीला माणसं लागतात," ती म्हणाली आणि पुढची भेग लिंपायला लागली. मी भट्टीचा तो कोपरा इतक्या जोरात थापटला की अजून तिथे माझी पाच बोटं उमटलेली आहेत.

रविवारी पहाटे होड्या आल्या त्या माशांच्या भाराने पाण्यात निम्म्या बुडालेल्या. वहिनीचा आदल्या दिवसापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. चर्चची घंटा झाली तेव्हा भट्टीवर जाळ्या वरपर्यंत रचलेल्या होत्या. शेजारची अदवोआ शनिवार पाळणाऱ्यांच्या चर्चची. तिचा देव तिला आदल्या दिवशीच भेटून गेला होता, म्हणून विस्तवावर लक्ष ठेवायला आम्ही तिला बसवलं. जाळ्या बदलायला मात्र आम्हीच परत यायला हवं होतं.

"बघत राहा गं," वहिनी तिला म्हणाली. "जाळ वर आला की लाकूड मागे ओढ."

"तुम्ही जा, आंटी. मी काय पहिल्यांदा विस्तव बघतेय?"

वहिनीने पांढरा रुमाल डोक्याला बांधला, चांगलं लुगडं गुंडाळलं, पण धूर काही अंगातून जात नाही. आमचं सगळं चर्चच तसं आहे. धुपाची गरज नाही, बायकांनी पंखे हलवले की पुरे.

कॉयरचं झालं. पाळकसाहेब उभे राहिले. आमचे पाळक अमिसा वयाने तरुण, पण माणूस चांगला. बोलतात हळूहळू, जाळं ओढल्यासारखे. त्या दिवशी देवाच्या प्रीतीवर उपदेश होता. मी वहिनीकडे बघत होते. ती ताठ बसली होती, डोळे पाळकांवर, ओठ घट्ट. शब्द लागण्याची वाट बघणारी बाई कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. दाई यायची वाट बघतात तशी. आणि मग हळूहळू तिची मान खाली यायला लागली. एकदा आली, तिने झटक्याने वर घेतली. पुन्हा आली, आणि ह्या वेळी खालीच राहिली.

क्वान्सिमा, पहिल्या बाकावर, उपदेशात झोपली.

उठवू की नको? उठवलं तरी गीत येणार नव्हतं, नाही उठवलं तरी येणार नव्हतं. निदान झोप तरी मिळू दे बाईला, असं मी ठरवलं. पलीकडून बेन्टसिल मास्तरने तिला पाहिलं आणि शेजारच्याला कोपर मारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुस्तक उघडलं, तेही उलटं.

पाळक म्हणत होते, "ज्याच्याकडे वेळ आहे, जो सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकतो, त्याच्यापर्यंत देवाची प्रीती पोचते, हे आपल्याला समजतं. पण जो राबतोय, ज्याला मान वर करायची फुरसत नाही, त्याचं काय? त्याच्यापर्यंत ती ऊब कशी पोचणार? सांगा मला, बंधुभगिनींनो, कशी पोचणार?"

आणि ते थांबले. पाळक असे थांबतात. रुमालाने कपाळ पुसतात, म्हणजे प्रश्न आपल्या डोक्यात शिरेल.

वहिनी दचकून जागी झाली. जागी कसली, अर्धीच. नाकात स्वतःच्याच कपड्यांचा धूर, आणि मनात धसका, की उशीर झाला. ती ताडकन उभी राहिली, डोळे मिटलेले, दोन्ही हात पुढे जाळीचं टोक धरल्यासारखे, आणि गळ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली,

"खालची वर!"

आता मी काय करणार? उभा जन्म गेला ओ देण्यात.

"वरची खाली!" मी ओरडले. पण मी एकटी नव्हते. डावीकडच्या ओरडल्या, उजवीकडच्या ओरडल्या, मागे बाळाला पाजत बसलेली ओरडली, म्हातारी एकुआसुद्धा ओरडली. अख्ख्या चर्चमधल्या बायकांनी एका दमात ओ दिली, आणि छपराखालची कबुतरं उडाली.

आणि पाळकसाहेब, बायकांचा आवाज उठलेला ऐकून, सवयीने खुर्चीत जाऊन बसले.

मग सगळ्यांना कळलं काय झालं ते. कोणीतरी फिसकन हसलं. बेन्टसिलने तोंडाला रुमाल लावला. वहिनीने डोळे उघडले. तिने आपल्या पुढे केलेल्या हातांकडे पाहिलं, मग पाळकांकडे, मग माझ्याकडे. भाऊ गेला त्या दिवशीही मी तिला इतकी लहान झालेली पाहिली नव्हती. तिची नजर फिरत फिरत मागे दाराजवळच्या बाकाकडे गेली, आणि ती काय ठरवतेय ते मला उघड दिसलं.

पाळकांनी उठावं, असं मला वाटत होतं. उठून दोन शब्द बोलले असते तर झाकलं गेलं असतं. पण ते उठले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून, मान जराशी तिरकी करून बसून राहिले, जणू पुढची ओळ ऐकायची आहे.

मला असा राग आला म्हणता! बेन्टसिलचा राग आला, तारलीचा आला, त्या दाराजवळच्या बाकाचा आला. देवाचाही आला, खोटं कशाला बोलू? ह्या बाईने आयुष्यभर तुला गाऊन जागवलं, आणि तू तिला अशी भर सभेत उभी करतोस? राग आला की मी बोलते. त्या दिवशी मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून गाणं निघालं. कारण नियम म्हणजे नियम. उचललेलं खाली पडू द्यायचं नाही, मग ते चुकून का उचललेलं असेना.

"एकटीने उचलत नाही गं ही जाळी," मी गायले, त्या बिजागरीच्या आवाजात. "एकटीने उचलत नाही!"

कोणी हसलं नाही, माझ्या तोंडाची भीती असेल. मागून दोन-चार जणींनी चाचरत ओ दिली, "वरची खाली..."

"धुरात दिसत नाही गं, दुसऱ्या टोकाला कोण? दुसऱ्या टोकाला कोण?"

"वरची खाली!" आता जास्त जणी होत्या.

आणि इथे माझं संपलं. पुढे काय ते मला माहीत नव्हतं. मी काही गीत उचलणारी नव्हे, मी ओ देणारी. मी पुन्हा तेच म्हटलं, "दुसऱ्या टोकाला कोण?" आणि वहिनीकडे पाहिलं. ती अजून तशीच उभी होती, हात पुढे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. माझ्या ओळखीचं होतं ते. आत भांड्याला भांडं लागलं होतं.

"वरचा आला खाली," तिने उचललं, अगदी हळू. "माझं टोक धरायला."

कोणी ओ दिली नाही, सगळे ऐकत होते.

"वरचा आला खाली, माझं टोक धरायला! मला वेळ नव्हता, तो आला. माझे डोळे मिटलेले, तो आला. हात भाजले त्याचे, माझे नाही भाजले!"

मग जे उठलं ते मला सांगता येणार नाही. बायका उठल्या, पुरुष उठले, रुमाल हवेत गेले. कॉयरच्या झग्यांतूनही आवाज आला, आणि तळाला बेन्टसिलचा जाडा आवाज लागला तेव्हा गीताला खरोखर पाया आला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी रडत होते. ओ देत होते आणि रडत होते. देव माझ्या दारात उभा नव्हता. तो आत येऊन भट्टीपाशी बसला होता.

गीत खाली बसायला बराच वेळ लागला. पाळक अमिसा उठले, कपाळ पुसलं, समोरचे कागद घडी करून खिशात घातले.

"मी एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "उत्तर मिळालं. आशीर्वाद घ्या आणि आपापल्या भट्ट्यांकडे जा."

घरी जाताना वहिनी भराभर चालत होती, तरी मध्येच थांबली.

"मी झोपले होते गं, एफुआ. ते गीत नव्हतंच. जाळीची हाक होती ती."

"मला काय सांगतेस? मीच तर ओ दिली."

"हो," ती म्हणाली. "तूच देतेस नेहमी. इतकी वर्षं समोर तू असतेस, आणि मी कधी डोळे उघडून बघितलं नाही तुझ्याकडे."

"त्या धुरात डोळे उघडले असतेस तर आंधळी झाली असतीस," मी म्हणाले आणि पुढे चालायला लागले, कारण मला पुन्हा रडू येत होतं आणि रस्त्यावर लोक होते.

अंगणात अदवोआ कमरेवर हात ठेवून उभी होती. "कुठे होतात? आंटी, लवकर! खालची होत आली!"

वहिनीने चांगलं लुगडं वर खोचलं, मी माझं खोचलं. तिने तिचं टोक धरलं, मी माझं.

"खालची वर!"

"वरची खाली!"

आम्ही वरच्या जाळ्या एकेक करून उतरवल्या. उरली सगळ्यांत खालची. ती उचलायला आम्ही वाकलो, आणि वहिनी वाकल्या वाकल्या थांबली. डोळे मिटले, आणि गायला लागली. "एकटीने उचलत नाही गं ही जाळी..."

"वहिनी, उचल ना!"

"...एकटीने उचलत नाही!"

भिंतीपलीकडच्या अंगणातून ओ आली. त्याच्या पलीकडच्या अंगणातूनही आली. अदवोआला तर हे गीत माहीतही नव्हतं, तिनेही दिली. मला खालून वास आला. तो वास आमच्या अंगणात मी कधी घेतला नव्हता, पण ओळखू न यायला मी काही शहरातली नव्हे.

"वहिनी, करपतेय गं!"

"कळतंय मला," ती म्हणाली. "कडवं पुरं होऊ दे."

कडवं पुरं झालं तेव्हा आम्ही जाळी उचलली. अख्खी जाळी काळी ठिक्कर पडली होती. अदवोआ तोंडावर हात ठेवून बघत राहिली. संध्याकाळपर्यंत सगळा किनारा हे बोलणार, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. बाकीच्या जाळ्या आम्ही पुन्हा रचल्या, विस्तव मागे ओढला. मग वहिनी ओट्यावर बसली. तिने केळीच्या पानात बांधलेला केंके, आमचा आंबवलेल्या मक्याचा गोळा, सोडला, जळक्या जाळीतली एक तारली शेपटीला धरून उचलली, फुंकर मारली, मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

मी एक घास घेतला. "कडूजहर आहे."

"आहे," ती म्हणाली, पाय पसरून बसली, आणि तिने दुसरं कडवं उचललं.

माझं तोंड करपलेल्या तारलीने भरलेलं होतं. तसल्या तोंडानेच मी ओ दिली.